लायसीन मास्तर

मंगळवारी सकाळी लायसीन मास्तर गेले. दुपारी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ताटातली कुळथाची पिठी बाजूला सारली.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर ते लोकांच्या ताटांत डोकावू लागले. लग्नात कोणी नुसता भात आणि जिलेबी ओढताना दिसला की मागे उभे राहून हळूच विचारत, "लायसीन कुठाय?" नवखा माणूस आपलं काही हरवलं की काय, म्हणून खुर्चीखाली बघे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नऊ अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. त्यांतलं लायसीन भातात कमी, मेथिओनीन कुळथात कमी. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. "चिरे आले, गवंडी आला, पण सिमेंटच नाही. भिंत उभी राहील काय रे?"

आई गेल्यावर अण्णांनी पेज आणि लोणच्यावर राहायचं ठरवलं. अंग वाळलं, पायाची जखम भरेना. डॉक्टर सांगून थकले. मास्तर त्यांचे बालमित्र. ते रोज दुपारी पिठीचा डबा घेऊन येत आणि अण्णांसमोर बसून एकटेच भात कालवून भुरके मारत. "तुला नको, अण्ण्या. तू पेज पी. तुझ्या तेराव्याला पिठीच करायला सांगणार आहे मी." शेवटी एका दुपारी अण्णांनी वाटी पुढे केली. चिडून केली, पण केली. पुढे जखमही भरली.

मास्तर गेले तसे अण्णा पुन्हा पेजेवर आले. बोलून उपयोग नव्हता.

दहाव्याला भाट्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडांवर बसून राहिले. मास्तरांच्या मुलाने आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं, सुनेने आंब्याची कलमं विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळा हलेना. ऊन चढलं. मग सगळे अण्णांकडे पाहू लागले.

अण्णा काठी टेकत पुढे झाले. "मास्तरा, नुसता भात ठेवलाय म्हणून अडलास ना? बरं. खाईन मी पिठी. रोज खाईन. झालं?"

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"मेला तरी ऐकत नाही," अण्णा म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

अण्णा आता रोज भाताबरोबर वाटीभर पिठी खातात. मास्तरांचा डबा आमच्याकडेच राहिला आहे.