हातभर उघडी जमीन

"माती देल्ली काय?"

गावच्या युद्धस्मारकापुढे कोणी क्षणभर जरी थांबलं, की समोरच्या ओट्यावरून आत्याचा हा प्रश्न येई. उत्तराची वाट न पाहता ती उठे, समोरच्याच्या तळहातावर आपली मूठ उघडी करी, आणि तिथे काळ्या मातीचं एक ढेकूळ येऊन पडे.

ती सगळ्या गावाची आत्या. मी बडनेऱ्याहून तिथल्या शाळेत शिकवायला जायचो. परतीची एसटी नेमकी स्मारकापाशी थांबायची, त्यामुळे माझीही झाली.

असली स्मारकं तुम्हीही पाहिली असतील. लढाईत पडलेल्यांची नावं बोटभर अक्षरांत, आणि उद्घाटन करणाऱ्यांची वीतभर. आमच्या दगडावर बोटभर अक्षरांत आत्याच्या बापाचं नाव होतं. तो ब्रह्मदेशाच्या लढाईत पडला तेव्हा आत्या आईच्या पोटात होती. तिकडे पडलेल्या सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं, एवढंच गावाला कळलं. त्याला मूठमाती द्यायला आपल्या गावचा एकही हात तिथे नव्हता. ती उणीव आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून, घरामागच्या वावरातल्या मातीने, भरून काढत होती.

एका पंधरा ऑगस्टला मोठे पाहुणे आले. पांढरेशुभ्र कपडे, दोघांनी मिळून उचलावा लागणारा हार, आणि दर वाक्याला 'बलिदान'. भाषण आटोपून ते वळले, तर हातात ढेकूळ. समोर फोटोवाला. साहेबांनी प्रसंगावधान राखून माती खिशात टाकली.

"खिशात नाई, साहेब," आत्या म्हणाली. "माहा बाप त्या दगडापाशी हाय."

साहेबांनी खिशातून चाचपून माती काढली आणि वाकून दगडापाशी ठेवली. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत तेवढ्या एका फोटोतच ते माणसासारखे दिसतात.

पुढे स्मारकाचं सुशोभीकरण मंजूर झालं. दगडाभोवती चकचकीत ग्रॅनाइट बसणार होता. ठेकेदाराची माणसं आली, तेव्हा आत्या दगडाच्या पायथ्याशी पाय पसरून बसलेली. सरपंच समजूत घालायला आला. म्हणाला, गाव कसं स्वच्छ दिसेल, आणि माती काय, फरशीवरही टाकता येते.

"फरशीवर माती पडली का तिचा कचरा होते, बाबू," आत्या म्हणाली. "मंग कोनी बी झाडून टाकीन."

सरपंचाने ठेकेदाराच्या माणसांना बाजूला घेतलं. लहानपणी त्याच्याही हातावर तिने ढेकळं ठेवली होती. शेवटी दगडापुढे हातभर जमीन उघडी राहिली. ठेकेदाराने कागदोपत्री ती 'शोभेच्या कुंडीसाठी' दाखवली, असं ऐकतो.

त्या संध्याकाळी एसटीची वाट पाहताना माझ्या एकदम लक्षात आलं, की आत्याला स्वतः माती देताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तसं विचारलं. तिने पदराला हात पुसले.

"तुमी देल्ली त मान होते, मास्तर," ती म्हणाली. "म्या देल्ली त बाप मरते."

मग रस्त्याकडे बोट करून माझी गाडी आल्याचं सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. बुद्धवंदना झाली, अग्नी दिला, आणि परतताना गाव आपसूक स्मारकापाशी थांबलं. तिच्या वावरातली माती कोणीतरी घमेल्यात भरून आणली होती. सरपंचाने पहिली मूठ त्या हातभर जमिनीवर टाकली, मग एकेकाने. ती आत्यासाठी होती की तिच्या बापासाठी, कोणी कोणाला विचारलं नाही.

माझ्याही हातात ढेकूळ आलं. मी पुढे झालो, वाकलो, आणि सवयीने ओट्याकडे पाहिलं.

ढेकूळ मी खिशात टाकलं. 'खिशात नाई' म्हणायला कोणी नव्हतं.