कुणापासून लपवायचं

मिरजेच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिराला आत बोलावलं, तेव्हा माझे मिस्टर खाली गाडीजवळ चहा पीत उभे होते. डॉक्टर म्हणाले, "नस दबलेली नाही. हा मोटर न्यूरॉनचा आजार आहे. स्नायू हलवणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात. आता हातात आहे. पुढे पाय, गिळणं, बोलणं." श्वासाचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. औषध लिहून दिलं, पण त्यानं आजार बरा होणार नाही, जरा हळू पुढं सरकेल इतकंच, हेही स्पष्ट सांगितलं.

मी शाळेत मराठी शिकवते. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. फौंड्रीतून आलेलं ओतकाम लेथवर चढवायचं आणि केसाएवढाही फरक न पडता मापात आणायचं, हे त्यांचं काम. त्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हातातून पान्हा निसटायला लागला. मग शर्टाचं बटण लागेना. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायला डावा हात मदतीला घ्यावा लागायचा.

जिन्यात दीर थांबला. भिंतीकडं तोंड करून त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, दादाला आत्ता सांगायचं न्हाय. पोरीची बारावी हाय. परीक्षा हुईतोवर नस दबलीय म्हणूनच चालवायचं."

मी मान हलवली. त्या घटकेला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

खाली मिस्टरांनी विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?"

"नस दबलीय. गोळ्या दिल्यात," दीर म्हणाला.

"मग एवढा वेळ काय करत हुता?" ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

त्या दिवसापासून मी इंटरनेटवर शोधायला लागले. कुठंतरी कुणीतरी बरं झालं असेल, कुठल्या तरी देशात औषध निघालं असेल, डॉक्टरांना माहीत नसेल, असं वाटायचं. घरचं वायफाय एकच, आणि आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीला माझंच ईमेलचं खातं जोडलेलं. मी एकदा मुलीसाठी सायकल बघितली होती तर आठवडाभर टीव्हीवर सायकलींच्या जाहिराती येत होत्या, ते माझ्या लक्षात होतं. म्हणून मला आडोसा हवा होता. शाळेत स्टाफरूममध्ये व्हीपीएनबद्दल बोलणं चालायचं. आपण नेटवर कुठं जातो ते त्यानं बाहेरच्याला कळत नाही, इतकं मला समजलं होतं.

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एक फुकटचं एक्स्टेन्शन मिळालं. दोनदा क्लिक केलं आणि वरच्या कोपऱ्यात हिरवी ढाल उमटली. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथंच बसून, घरी कुणी नसताना, पहिल्यांदा मोकळेपणी रडले. मग ती ढाल लावून मी सगळं वाचत गेले. असा माणूस किती जगतो. नळीतून जेवण कसं देतात. बोलणं गेल्यावर डोळ्यांनी अक्षरं कशी दाखवतात.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मिस्टर टीव्हीवर कुस्ती बघत होते. मी आत भांडी आवरत होते. कुस्ती मध्येच थांबली आणि बाईचा गोड आवाज आला: आपल्या माणसासाठी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर. मी हातातलं पातेलं तसंच धरून दारात आले. ते टीव्हीकडं बघत होते. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला, अंगठ्याजवळचं मांस आत गेलेलं.

"आता ही कुणाला इकायला निघालीत," ते म्हणाले. पुढच्या जाहिरातीत पाठीच्या कण्यात पेशी सोडून नसा जिवंत करणारं कुठलंसं क्लिनिक होतं. त्यांनी आवाज बंद केला आणि कुस्ती परत सुरू व्हायची वाट बघत बसले.

मला काही कळेना. ढाल हिरवी होती. मग हे कसं बाहेर पडलं?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंना गाठलं. माझ्या एका मैत्रिणीची अडचण आहे, असं सांगितलं. बाई माझ्याहून लहान आहेत, मला ताई म्हणतात. त्यांनी डबा बाजूला सारला.

"मैत्रीण शोधते कशावरून, ताई? फक्त लॅपटॉपवरून?"

"फोनवरून पण."

"ब्राउझरमधनं की ॲपमधनं?"

मी आठवलं. रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत, कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी फोनवरच बघत असे. व्हिडिओच्या ॲपमध्ये या आजाराची माणसं बोलताना बघत होते, आणि रुग्णांच्या घरच्यांच्या एका ग्रुपमध्येही शिरले होते. "सगळीकडनं," मी म्हटलं.

"मग ते एक्स्टेन्शन काय करणार? ते ज्या ब्राउझरमध्ये बसवलंय तेवढ्यापुरतंच. फोनचा त्याला पत्ता नाही. लॅपटॉपवरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमचाही नाही. पूर्ण ॲप घेतलं तर अख्ख्या फोनचं जाणंयेणं त्यातनं होतं. आणि खातं तेच ठेवलं तर कशाचाच उपयोग नाही. टीव्हीवर, फोनवर, लॅपटॉपवर तुमचंच नाव असेल तर जाहिरात बरोबर घर शोधत येते."

'तुमचंच' म्हणताना त्या अडखळल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघू लॅपटॉप."

त्यांनी एक्स्टेन्शनच्या परवानग्यांचं पान उघडलं. सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी, असं तिथं लिहिलं होतं. बसवताना मी त्यालाच होकार दिला होता.

"हे कुणी बनवलंय त्याचा पत्ता नाही," बाई म्हणाल्या. "फुकट आहे म्हणजे तुमची माहिती विकतही असतील, नसतीलही. आपल्याला कळायला मार्ग नाही."

मिस्टरांचा श्वास कधी बंद पडेल हे मी विचारलं होतं. झोपेत होईल का, त्यांना कळेल का, त्या वेळी मी काय करायचं. सख्ख्या बहिणीला विचारलं नव्हतं ते मी त्या ढालीमागं बसून विचारलं होतं, आणि कुणीतरी अनोळखी माणूस ते कदाचित वाचत होता. बाईंनी माझ्यापुढं पाण्याची बाटली सरकवली. मैत्रिणीबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात आजारापेक्षा तेच जास्त होतं. आता मला हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. नवऱ्याला मी वाचवू शकत नव्हते, निदान ही एक गोष्ट तरी नीट करावी, असं झालं होतं. बाईंच्या सल्ल्यानं एक्स्टेन्शन काढून टाकलं. कोण बनवतं, कुणाकडून तपासून घेतलंय हे उघड सांगणारं पैसे देऊन मिळणारं ॲप निवडलं, फोनवर घेतलं, लॅपटॉपवर घेतलं. टीव्हीवरचं माझं खातं काढलं. शोधण्यासाठी वेगळं खातं उघडलं. टीव्हीवर पुन्हा ट्रॅक्टरच्या आणि खताच्या जाहिराती यायला लागल्या.

पण त्या ॲपमुळं फोनच्या वरच्या पट्टीत एक छोटी किल्ली दिसायची. एक्स्टेन्शन घरात कुणाला दिसलं नव्हतं, ही किल्ली दिसत होती. त्यात एके संध्याकाळी औषधाच्या दुकानात माझं पेमेंट होईना. बँकेचं ॲप म्हणत होतं, व्हीपीएन बंद करा. मिस्टर शेजारीच उभे होते.

"काय म्हणतंय ते?"

"रेंज न्हाय," मी म्हटलं.

त्यांनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं खिशातून पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. त्यातल्या नोटा त्यांना काढता येत नव्हत्या.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर त्यांनी मला वर्कशॉपवर बोलावून घेतलं. कामगार गेले होते. लेथ बंद होती आणि तेलाचा वास भरून राहिला होता. ते स्टुलावर बसले होते. मला वाटलं, फोनचं विचारणार. माझ्यावर वेगळाच संशय आला असेल असंही मनात येऊन गेलं, आणि खरं सांगायचं तर तो संशय मला परवडला असता.

"त्या फोनात काय लपवतीयस?" ते म्हणाले.

"शाळेचं हाय."

"शाळेचं न्हाय. माझं हाय."

मी उभीच राहिले. त्यांनी शर्टाची बाही डाव्या हातानं वर सरकवली. दंडाची कातडी आतून कुणी बोट फिरवावं तशी जागोजागी थरथरत होती.

"हे बघ. दबलेली नस अशी नाचती व्हय? आणि आता डावीकडं पण आलंय. मी तीस वर्सं मशिन बघतोय. कुठला भाग जाम झालाय आणि कुठला झिजून संपत आलाय, ते मला कळतं की. तुम्ही दोघं माझ्याकडं बघत न्हाय, त्यावरनं बाकीचं कळलं."

"पोरीची परीक्षा..." मी कसंबसं म्हटलं.

"पोरीला मी सांगीन. परीक्षा झाल्यावर. पण तू मला आत्ता सांग. जे वाचलंयस ते सगळं."

मी लोखंडाच्या पेटीवर बसले आणि सांगितलं. थांबत थांबत, आधी हात, मग पाय. गिळण्यापर्यंत आल्यावर माझ्याच्यानं पुढं होईना. ते म्हणाले, "फोनात असंल तर वाच." मी फोन काढून वाचलं. इंग्रजीतलं मराठीत करून सांगताना आवाज शाळेतल्यासारखा होत होता, आणि त्या आवाजामुळंच मी शेवटापर्यंत पोहोचले. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणी बरं झालंय का ह्यातनं?"

"न्हाय."

त्यांनी एकदा लेथकडं बघितलं. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले, कारण आता टेकू घेतल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं, आणि ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं.

परीक्षा झाल्यावर त्यांनी मुलीला समोर बसवून स्वतः सांगितलं. ती उठली आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. दीर मात्र, दादाकडं बघवेना म्हणून, आठ दिवस घरी फिरकला नाही.

या हिवाळ्यात आम्ही बिद्रीकडं माझ्या नणंदेच्या गावी गेलो होतो. उसाच्या बैलगाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. मिस्टरांना गाडीतून उतरवणं जमलं नाही, म्हणून नणंद ताट घेऊन गाडीशी आली. मी त्यांना भात मऊ कालवून भरवत होते. त्यांचं बोलणं आता माझ्याशिवाय फार कुणाला समजत नाही. दोन घास झाल्यावर त्यांनी तोंड बाजूला केलं आणि काहीतरी विचारलं. नणंदेनं माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणतोय?"

"पुढचं विचारतात," मी म्हटलं. ती ताट तिथंच ठेवून घरात निघून गेली. मी गाडीचं दार लावून घेतलं आणि पुढं काय होणार ते त्यांना पुन्हा एकदा सांगितलं.