रडू देणारी सिस्टर

कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की द्राहोमिरा सिस्टरचा हात आपोआप एप्रनच्या खिशात जायचा. बोहेमियातल्या त्या लहानशा मनोरुग्णालयात बावीस वर्षांत तिने इतके हातरुमाल वाटले होते, की धुलाईघरातल्या बायका तिच्या नावाने बोटं मोडत.

एकोणीसशे सहासष्टमध्ये तिची नेमणूक कोपऱ्यातल्या हिरव्या खोलीत झाली. तिथे डॉक्टर हंजालोवाबाई निवडक रुग्णांना उपचार म्हणून एलएसडी देत. रुग्ण दिवसभर कोचावर डोळे मिटून पडायचा आणि मनात गाडलेलं वर यायचं. सिस्टरने शेजारी बसायचं, मागितला तर हात द्यायचा. उगी उगी करायचं नाही, आणि रुमाल तर मुळीच पुढे करायचा नाही. रुमाल दिसला की माणसाला वाटतं, आता रडणं पुरे. हा नियम द्राहोमिराला पटला होता. पाळायची वेळ आली तेव्हा मात्र फजिती झाली.

तिचा पहिलाच रुग्ण वोंद्रूश, तळ्यांवर कार्प मासे पाळणारा. दोन वर्षांपूर्वी त्याची नऊ वर्षांची यित्का तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाली. तेव्हापासून त्याने लेकीचं नाव घेतलं नव्हतं. बायकोने काढलं तर उठून चालता व्हायचा. शेवटी बायको, रुझेना, म्हणाली होती, "मी एकटीने किती रडू रे? माझ्याशी तिच्याबद्दल बोलता येईल तेव्हाच घरी ये."

त्या दिवशी दुपारी कोचावरचा वोंद्रूश पुटपुटला, "बर्फ वाजतोय," आणि त्याला हुंदका फुटला. द्राहोमिराला राहवलं नाही. "उगी हं, उगी," म्हणत तिने रुमाल त्याच्या गालाला लावलासुद्धा! वोंद्रूशने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आभार मानले आणि संध्याकाळपर्यंत हवापाण्यावर बोलत राहिला.

"अहो सिस्टर, अख्खा दिवस वाया घालवलात की!" हंजालोवाबाई कडाडल्या.

"बघवत नाही हो मला, बाई."

"मग सोमवारी कोचावर तुम्ही. मी बसते शेजारी. आता गुडघ्याचं कारण सांगू नका."

शेजारी बसणाऱ्याने आधी स्वतः ते औषध घ्यायचं, ही तिथली रीतच होती. द्राहोमिरा कधी सर्दी, कधी गुडघा, कधी भाचीचं लग्न पुढे करून टाळत आली होती, आणि माणसं कमी म्हणून तिचं खपूनही गेलं होतं.

सोमवारी तिला आईचं दफन दिसलं. ती अकरा वर्षांची, आणि मावशी तिचा चेहरा खसाखसा पुसत म्हणतेय, शहाण्या मुली रडत नाहीत. द्राहोमिरा सकाळपासून चार वाजेपर्यंत रडली. डॉक्टरबाई नुसत्या बसून. आधी तिला त्यांचा भयंकर राग आला. मग, कुणी थांबवत नाहीये, याचंच इतकं बरं वाटलं की तिला हसू फुटलं. संध्याकाळी तिने दोन माणसांना पुरतील इतके पिठाचे उकडलेले डंपलिंग एकटीने फस्त केले.

पुढच्या खेपेला वोंद्रूश ओरडला, कोचावर मुठी आपटू लागला. द्राहोमिरा जागची हलली नाही. स्वतःच्या गालांवरून ओघळणारं पाणीही तिने पुसलं नाही. शेवटी त्याने छताकडे बघत लेकीला हाक मारली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पण छताला सांगणं सोपं. रुझेनाला सांगता येईल का, याच धास्तीत द्राहोमिराचा आठवडा गेला.

रविवारी रुझेना आली. बागेतल्या बाकावर वोंद्रूशपासून हातभर अंतर ठेवून बसली. द्राहोमिरा कॉफीचा ट्रे घेऊन निघाली आणि वाटेतच थबकली.

"यित्काने मला विचारलं होतं," वोंद्रूश अडखळत म्हणाला, "मासे झोपतात तेव्हा डोळे का मिटत नाहीत. मी कामात होतो. नंतर सांगतो म्हटलं."

रुझेना त्याच्याकडे वळली.

"आधी मला विचारलं होतं तिने," ती म्हणाली. "मीच म्हटलं, बाबांना विचार."

मग ती सरकून त्याच्याजवळ बसली आणि दोघंही मोठ्याने रडू लागली. द्राहोमिरा ट्रे घेऊन तशीच आल्या पावली परत फिरली.