बरणीतली केळ

आमची मुलगी केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मागच्या आठवड्यात तिने तिथली एक काचेची बरणी घरी आणली. तळाशी खरवसासारखा थिजलेला, रोपाचा खाऊ आणि त्यात उभी बोटभर केळ. वारा म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. बरणी खिडकीत ठेवताना मुलीने बजावलं, "झाकण उघडायचं नाही हं, आई."

पण आमच्या हिला कुठलं राहवतंय! दुपारी तिने झाकण फिरवलंच. "जीव गुदमरत असेल हो तिचा," म्हणाली आणि क्षणभराने परत घट्ट लावलं.

चार दिवसांत खाऊवर पांढरी बुरशी चढली, पानं काळवंडली. मुलगी रागावली नाही. "शेतात लावायच्या रोपांना आम्ही हळूहळू वाऱ्याची सवय करतो," ती म्हणाली. "त्यांना हवेतून येणाऱ्या या बुरशीचं भय नाही. पण ती सगळी एकाच केळीपासून वाढवलेली, हुबेहूब सारखी. एकीला न झेपणारा रोग आला, तर तो कुणालाच सोडायचा नाही."

आज आम्ही दोघं एसटीने गावाला निघालो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, सगळ्या एका उंचीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. इतकं देखणं पीक, आणि माझी नजर मात्र एखादं पिवळं पान शोधत राहिली. मध्येच वारा सुटला. सगळी पानं एकदम हलली. मी घाईघाईने खिडकीची काच ओढून घेतली.

"अहो, गुदमरायला होतंय," ही म्हणाली. "उघडा ती."

माझा हात काचेवरच राहिला.