विल्फचा बिल्ला

आमच्या हॉकरथोर्प गावची कोळशाची खाण चालू होती, तेव्हा तिला शिव्या घालायला दिवस पुरत नव्हता. ती बंद पडली, तिचं संग्रहालय झालं, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध आलं. आता बस भरभरून माणसं येतात, डोक्यावर हेल्मेट चढवून खाली फिरतात आणि वर आली की माझ्याकडे चहा नि स्कोनचे गोड पाव मागतात. आमचे बाप जिथे अंगाची काजळी धुवायचे, त्याच खोलीत मी स्कोन विकते. पोट आहे, काय करणार!

थर्झा ओल्डरॉइड आमच्या गल्लीत राहते. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणते. सत्तावन्न साली तिचा नवरा विल्फ पाळीवर गेला आणि खाली आग लागली. बाकीचे निसटले. साहेबांनी दोन दिवस वाट पाहिली, मग आग कोंडून खाण वाचवायला त्या बोगद्याचं तोंड विटांनी बंद करून टाकलं. विल्फ आतच राहिला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

खाणीत उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला 'खाली' लिहिलेल्या फळ्यावर टांगायचा आणि वर आल्यावर 'वर'च्या फळ्यावर. विल्फचा बिल्ला 'खाली'च राहिला. खाण बंद होईपर्यंत त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

संग्रहालयाने ते फळे ठेवले, पाहुण्यांनाही बिल्ले देऊ लागले. मॅनेजर मिस्टर पिम शहरातून आलेला, गोड बोलणारा. आल्या आल्या त्याने विल्फचा बिल्ला उचलून 'वर' टांगला. दुपारी मावशी चहाला आली, तिने तो पाहिला आणि पुन्हा 'खाली' लावला. मग हे रोजचंच झालं. सकाळी तो वर काढी, दुपारी ही खाली लावी.

"मिसेस ओल्डरॉइड," पिम एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "संध्याकाळी खालचा फळा रिकामाच हवा. सुरक्षेचा नियम आहे."

"मग आण ना त्याला वर," मावशी म्हणाली. "मी कुठे अडवलंय?"

"अहो, ते वारले त्याला किती वर्षं झाली."

"तुला कुणी सांगितलं? तू बघितलंस?"

पिम निघून गेला. मला हसू आलं आणि हसू आल्याची लाजही वाटली.

पुढे पिम रजेवर गेला. त्याच्या जागी आलेल्या बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बंद करताना तिला 'खाली' एक बिल्ला दिसला आणि तिने नियमाप्रमाणे भोंगा वाजवला. बंब आले, अँब्युलन्स आली, बचाव पथक कुत्रा घेऊन खाली उतरलं. सगळं गाव फाटकाशी जमलं. बिल्ला कुणाचा ते कळलं, तेव्हा पथकाचा प्रमुख मावशीवर भडकला. "आजी, एका माणसाला शोधायला एवढी माणसं जिवावर उदार होऊन उतरली. खाली कुणीच नाहीये."

"आहे," मावशी म्हणाली. "भिंतीमागे बघितलंत का? तेव्हा बंबाच्या आधी विटा आल्या होत्या."

प्रमुखाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

पिम परत आला, त्याने पाहुण्यांसाठी नवे फळे लावले आणि दोन्ही जुन्या फळ्यांवर काच बसवून कुलूप ठोकलं. विल्फचा बिल्ला 'वर'. इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही, ते एका सुताराने जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. मला त्या पिमच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. मी त्याला साखर विचारली.

मावशी काचेपुढे उभी राहिली, मग चहा न घेताच घरी गेली.

आमच्याकडे घरात कुणी वारलं की भरदिवसा खिडक्यांचे पडदे ओढतात आणि शेजारीही आपले ओढतात. सत्तावन्न साली मावशीने ते करू दिलं नव्हतं. माणूस कामावर आहे, म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खिडकीचा पडदा ओढलेला दिसला. मग समोरच्या घराचा ओढला गेला, मग त्याच्या शेजारचा. मी आमचा ओढला आणि कामाला निघाले.

गल्लीच्या तोंडाशी एक पाहुणी कॅमेरा घेऊन उभी होती. "आज गावात काही आहे का?" तिने हसून विचारलं.

"हो," मी म्हटलं, "आमच्यातला एकजण वारला."

"अरेरे. कधी?"

"काल," मी म्हटलं.