विमान भरल्याशिवाय सुटतंय व्हय?

आता कसं सांगू तुम्हाला! आठवलं की हसूही येतं आणि कानही तापतात.

माझं लग्न जमत आलं होतं. फक्त मुलीच्या मामांचा होकार बाकी होता. मामा मुंबईला असतात. ते विमानानं संभाजीनगरला उतरणार आणि मी माझ्या काळी-पिवळी जीपमधून त्यांना आमच्या वडवणीला आणणार, असं ठरलं. विमानतळावर पाहुणा आणायला जायचं! आनंदाच्या भरात मी जीप दोनदा धुतली.

गण्या, माझा दोस्त, मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "मुंबई ते संभाजीनगर, विमानाला तासभर. तुला हितून चार तास. नीघ बे!"

मी हसलो. शाळा लवकर सुटली माझी, पण गाडीतलं मला कळतं. शिटा भरल्याशिवाय कुणी गाडी काढतं का? जीप भरायलाच एवढा वेळ, मग विमान भरायला किती? आणि आमच्याकडं माणूस 'निघालो' म्हणाला की तो अजून चहा पीत असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

मामांचा फोन आला. "विमानात बसलो. निघालोच. तुमी?"

"मी बी निघालो, मामा!" म्हणालो आणि चहा सांगितला.

पुढं निवांत बीडला पोहोचतोय, तर पुन्हा फोन!

"उतरलो. भाईर उभा हाय. तुमी कुठं?"

उतरले? एवढ्यात? मी मुलखाचा लाजरा. घाबरलो की तोंडातून भलतंच निघतं.

"तुमच्या समोरच की, मामा!"

"दिसंना. हात वर करा बरं."

आणि मी खरंच हात वर केला! बीडच्या स्टँडवर! कशाला केला, देव जाणे. मी शिटा बोलावतोय समजून माणसं जीपकडं पळत सुटली. एक आजी माझ्या कानाशीच ओरडली, "पाटोदा हाय का रं? मला म्होरं बसू दे!"

ते फोनवरून मामांनीही ऐकलं. म्हणाले, "इमानतळावर पाटोद्याची शिटं भरताय व्हय?"

"मामा, ते..."

"बीडातच थांबा. मीच गाडी करून येतो. निघालो."

आता तुम्हीच सांगा, 'निघालो' म्हणजे काय? आधी जेवतील, मग गाडीवाल्याशी घासाघीस करतील. इकडं जीप तर गच्च भरलेली! म्हटलं, एक फेरी सहज होतीय.

पाटोद्याला माणसं सोडली. परतीच्या शिटा काही भरेनात. तेवढ्यात फोन वाजला.

"बीडच्या स्टँडवर हाय मी. तुमी?"

संपलं! लग्न मोडलंच, असं धरून मी डोळे मिटले आणि खरं बोललो. "पाटोद्यात हाय, मामा."

पलीकडं मामा खो-खो हसत सुटले. "पोरगं लबाड न्हाई, येडं हाय! येडं चालतंय आमाला. तुमच्या आईला म्हणावं, तारीख काढा."

लग्न जमलं! भर चौकात मी उडीच मारली. "आलोच, मामा! ह्यो बघा, निघालो!"

"बरं," मामा म्हणाले, "म्हंजे मी जेवून घेतो."