आनंदाचा राब आणि धुराड्याचा परवाना

मावळातल्या उरवडे गावात आनंदाची ओळख सांगताना लोक त्याचं नाव क्वचितच घेत. ‘बायकोपायी पुण्याची नोकरी सोडली तो’ एवढं म्हटलं की पुरे. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

लग्नानंतर तो खडकीला एका कारखान्यात लागला होता. चाळीत खोली होती, पगार वेळच्या वेळी हातात पडत होता. पण डोंगरातल्या माले गावाहून आलेल्या त्याच्या बायकोला, चांगुणाला, तिथली हवा मानवली नाही. थंडी पडली की तिच्या छातीत घरघर लागायची. आडवं होता येईना, म्हणून बिचारी भिंतीला पाठ टेकून बसून झोपायची. डॉक्टरांनी दमा सांगितला, औषधं दिली आणि शेवटी स्पष्टच बोलले, हिला मोकळ्या हवेत न्या, नाहीतर अवघड आहे. आनंदाने फार विचार केला नाही, बोचकं बांधलं. चांगली नोकरी सोडली म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं. गावी बौद्धवस्तीच्या खालच्या अंगाला बापाचं भाताचं खाचर होतं, पाठीशी डोंगर होता. दोन पावसाळे सरता सरता चांगुणा डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढू लागली. आनंदाला त्याहून जास्त काही नको होतं.

ही बसलेली घडी शहाऐंशी सालात विस्कटली. खाचरापलीकडच्या माळावर एक कारखाना आधीपासून होता. त्याचा कुणाला त्रास नव्हता, उलट गावच्या पाचपंचवीस घरांना कामच मिळालं होतं. पण तेव्हा विजेची कपात सारखी व्हायची. एवढं मोठं धरण तालुक्यात, पण त्याची वीज घाट उतरून मुंबईला जाणार आणि इथल्यांनी कंदिलाच्या काचा पुसत बसायचं, असा सगळा मामला. तेव्हा मालकाने ठरवलं, कोळशावर चालणारं आपलं स्वतःचं वीजघर बांधायचं. हवेच्या प्रदूषणाचा कायदा नवा होता. त्याखालचा परवानाही त्याने मिळवला. धुराड्याची जागा आखली गेली ती नेमकी आनंदाच्या बांधाला लागून.

माजी सरपंच हैबतरावांची आंब्याची बाग त्याच अंगाला होती, त्यामुळे त्यांना गावाच्या हिताची अचानक काळजी वाटू लागली. काही का असेना, माणूस हलला. पुण्यात त्यांनी एक वकीलबाई गाठल्या. बाई वयाने लहान, पण कायदा तोंडपाठ. त्यांनी सांगितलं की दिलेल्या परवान्याविरुद्ध अपील करता येतं, आणि पहिलं नाव ज्याला सगळ्यात जास्त झळ लागणार त्याचं घालायचं. अशा रीतीने आनंदाचं नाव सगळ्यात वर गेलं आणि खाली चांगुणाच्या दम्याचे कागद जोडले गेले.

“आन न्हाई झालं आपल्यासारकं, तर कुटं जायचं?” चांगुणाने एकदाच विचारलं.

“व्हईल की,” आनंदा म्हणाला.

सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, धुराडं इतकं उंच आहे की धूर वरच्या वर निघून जाईल, खाली वस्तीत कुणाला वासही यायचा नाही. त्यावर अपील ऐकणारे साहेब म्हणाले, मी जागा स्वतः बघतो. पाहणीची तारीख पडली. गावाने शाळेपुढे मांडव घातला, वस्तीतल्या सारजाबाईंनी पातेलंभर चहा ठेवला. साहेब आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला मांडवाचा खटाटोप टाळून नुसत्या खुर्च्या मांडल्या. तेव्हाही नाहीत. तिसरी तारीख जवळ आली तेव्हा हैबतराव स्वतःच पारावर म्हणाले, “कोन येतंय? आपापली कामं करा.” हे वाक्य ते पुढे सोयीस्करपणे विसरले.

आनंदाचं काम म्हणजे राब. मावळात भाताची रोपं टाकायची तर आधी ती जागा भाजावी लागते. शेण, तोडलेला झाडपाला आणि गवत अंथरायचं, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि कडेने पेटवायचं. माती वर असल्यामुळे जाळ होत नाही, नुसतं धुमसत राहतं, आणि धूर असा निघतो की डोळे उघडत नाहीत. तणाचं बी जळून जातं, रोप तरारून येतं. बापजाद्यांपासून असंच चाललेलं. फक्त गावी परतल्यापासून आनंदाने त्यात एक भर घातली होती. राब भाजायच्या आदल्या दिवशी तो चांगुणाला माल्याला, तिच्या भावाकडे पोचवून यायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माहेरची पोरंसुद्धा आत्याला बघून विचारायची, राब आला का?

त्या सालीही तिला माल्याला पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं त्या तिसऱ्या तारखेला, उजाडताच राब पेटवला. वस्तीतल्या आणखी दोघांनी आपापले राब पेटवले. ऊन अजून तापलं नव्हतं, तेवढ्यात खालच्या रस्त्यावर सरकारी जीप दिसली आणि तिच्यामागे कंपनीची मोटार.

आनंदाने माती ओढायचं दाताळं बाजूला टाकलं. हिरवी फांदी घेऊन राब विझवायला धावावं तर राब काही चुलीसारखा विझत नाही. जितकं ढोसलं तितका धूर वाढला. हैबतराव धोतर सावरत धावत आले. “अरे मुडद्या, आजच्या दिशी?”

“तुमीच म्हनला व्हता, सरपंच,” आनंदा पुटपुटला. ते ऐकायला हैबतराव थांबले नाहीत.

साहेब जीपमधून उतरले, दोन पावलं चालले आणि खोकत खोकत नाकाला रुमाल लावून उभे राहिले. कंपनीच्या वकिलांना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. “बघा साहेब, आम्हाला धुराचं सांगतात आणि स्वतःच गाव धुरात बुडवून बसलेत.”

साहेबांनी अर्जदार कोण म्हणून विचारलं. आनंदा पुढे झाला.

“तुमच्या पत्नीला दमा आहे ना? कुठे आहेत त्या?”

खोटं बोलावं असं आनंदाच्या मनात आलंच नाही असं नाही. पण जीभ वळली नाही. “माल्याला धाडलीया. राब भाजायचा म्हनून.”

“दर वर्षी पाठवता?”

“व्हय. न्हाईतर तिचा जीव जाईल.”

कंपनीचे वकील हसले. एव्हाना येऊन पोचलेल्या वकीलबाईंनी खाली बघितलं. साहेब मात्र माळावर चढले, धुराड्याच्या जागेपाशी गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. कंपनीची माणसं घड्याळाकडे बघू लागली तरी ते हलले नाहीत. मग जीपमध्ये बसून निघून गेले.

पुढचे दिवस आनंदाने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. हैबतराव समोरून आले की मान फिरवायचे. आपल्या हाताने आपण बायकोचा गळा आवळला, हा विचार डोक्यातून जाईना. राब केव्हाच निवला होता, पण चांगुणाला आणायला जायचं धाडस त्याला होईना. तिने विचारलं तर काय सांगायचं? माल्याहून दोनदा निरोप आला, दोनदा त्याने कामाची सबब सांगितली.

निकालाला तो पुण्याला गेला तो फाशीच्या कैद्यासारखा. साहेबांनी निकाल इंग्रजीत वाचला. आनंदाला ‘उरवडे’ एवढा एकच शब्द कळला. तो वकीलबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईंनी आधी पेन खाली ठेवलं, मग चष्मा काढला आणि पदराने डोळे टिपले. संपलं, असं समजून तो उठायला लागला.

“बसा, आनंदराव,” बाई म्हणाल्या. “परवाना रद्द केलाय.”

“रद्द? कसा काय?”

“तुमच्या राबामुळे. साहेबांनी लिहिलंय, तीन चिमुकल्या राबांचा धूर डोंगराच्या अर्ध्यावर जाऊन परत खाली बसला आणि ते होते तोवर खोलगटातून हललाच नाही. मग रात्रंदिवस कोळसा जाळणारं धुराडं इथे कसं चालेल? कंपनीने डोंगरांचा विचारच केला नव्हता.”

आनंदा खाली बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीची त्याला लाज वाटली नाही. शेजारी हैबतराव कुणाला तरी सांगत होते की राब त्याच दिवशी पेटवायचं आपणच सुचवलं होतं. आनंदाने त्यांना सांगू दिलं. इतकं हलकं वाटत होतं की भांडायलाही मन होईना.

तिथूनच त्याने माल्याची एसटी पकडली. चांगुणा भावाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याला बघून ती उठली नाही.

“औंदा राब लईच मोटा व्हता वाटतं,” ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं, आपली चूक, कंपनीच्या वकिलांचं हसणं, साहेबांचं उभं राहणं, निकाल. ऐकता ऐकता तिचा चेहरा निवळत गेला. सूप बाजूला ठेवून तिने त्याला पाणी दिलं. मग पुन्हा खाली बसत म्हणाली, “म्हंजी सायबानं लिवलंया, त्या खोलगटातनं धूर हलत न्हाई.”

“व्हय.”

“मग धुराड्याचा हलत न्हाई, आन तुमचा हलतो व्हय?”

आनंदाने पेला खाली ठेवला. इतकी वर्षं बायकोला धुरातून वाचवतो म्हणून तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आला होता.

पुढल्या वैशाखात त्याने राब पेटवला नाही. कुजलेलं शेणखत घालून तसंच बी टाकलं. त्याच्या शब्दाखातर शेजाऱ्यांनी आपले राब खोलगटाबाहेर टेकाडावर भाजले, पण ते हसलेच, आणि हसायला जागाही होती, कारण रोप विरळ आलं आणि तणाने नुसता उच्छाद मांडला. पण चांगुणा त्या सालात माल्याला गेली नाही. पदर खोचून ती रोज वाफ्यात उतरायची, ओणवी होऊन तण उपटायची आणि अधूनमधून सरळ उभी राहून, घाई न करता, छाती भरून श्वास घ्यायची.